जठरातील बदलता जंतू आणि पूर्ण उपचाराचे महत्त्व

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात पोटविकार विभागातील डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





जठरव्रण, म्हणजे अल्सर, हा चिंतेचा आणि तिखट आहाराचा परिणाम आहे, अशी एके काळी वैद्यकशास्त्राचीही समजूत होती. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. बॅरी मार्शल आणि डॉ. रॉबिन वॉरेन यांनी रुग्णांच्या जठरातील एक नागमोडी जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः प्राशन केला आणि त्यामुळे जठराला सूज येते हे सिद्ध केले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९९४ साली कर्करोगकारक घटकांच्या यादीतही त्याचा समावेश झाला.

हा जंतू बहुधा बालपणी, घरातल्याच माणसांकडून पोटात येतो आणि उपचार न केल्यास जन्मभर मुक्काम करतो. बहुतेकांना त्याचा उपद्रव जाणवत नाही. काहींना मात्र व्रण होतो, तर थोड्यांना कर्करोग. जठरातील तीव्र आम्लात तो तग धरतो, कारण युरियापासून अमोनिया तयार करून तो स्वतःभोवतीचे आम्ल शमवितो. पण इतकी वर्षे टिकून राहण्याचे त्याचे खरे सामर्थ्य त्याच्या जनुकांत आहे.

पेशीचे विभाजन होताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. पुष्कळ जंतूंत या चुका हेरून दुरुस्त करणारी एक यंत्रणा असते. हेलिकोबॅक्टरमध्ये ती नाही. मुद्रितशोधकाविना चाललेल्या छापखान्यासारखी ही स्थिती आहे. शिवाय एकाच जठरात या जंतूचे दोन वाण एकत्र आले, तर ते एकमेकांची जनुकेही उचलतात. काही जनुके तर दिव्याच्या बटणाप्रमाणे चालू-बंद होतात. त्यामुळे जठराच्या अस्तराला चिकटणारी त्याची प्रथिने बदलत राहतात. म्हणूनच एकाच रुग्णाच्या जठरातील दोन ठिकाणच्या जंतूंतही फरक आढळतो.

याचा आपल्याशी संबंध असा. क्लॅरिथ्रोमायसिन हे औषध निष्प्रभ ठरण्यास जंतूच्या जनुकसंहितेतील एका अक्षराचा बदल पुरतो. कोट्यवधी जंतूंत असे थोडे आधीच असू शकतात. औषध पाचव्या दिवशी सोडले, तर दुबळे मरतात आणि चिवट उरतात; पुढे तेच जठर व्यापतात. सर्दी-खोकल्यासाठी मनानेच घेतलेल्या ॲझिथ्रोमायसिनसारख्या गोळ्याही जठरात हीच निवड घडवितात. मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जंतू तर आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर आढळले आहेत.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत रुग्णाची पोटदुखी थांबली की जंतू गेला असे मी गृहीत धरीत असे. एक गृहस्थ दोन वर्षांनी रक्ताची उलटी होऊन परत आले. त्यांचा व्रण पुन्हा उघडला होता आणि जंतू तेथेच होता. "चार दिवसांत बरं वाटलं, म्हणून गोळ्या थांबवल्या," ते म्हणाले. त्यांनी गोळ्या थांबविल्या हे खरे; पण त्या का थांबवू नयेत हे मी सांगितले नव्हते आणि उपचारानंतरची तपासणीही केली नव्हती. ते वाचले. तो धडा मी विसरलेलो नाही.

म्हणून आप्तेष्टांना माझी विनंती आहे. लिहून दिलेले सर्व दिवस, बहुधा चौदा, औषध पूर्ण करवून घ्या. तोंड कडू झाले, मळमळले, तरी परस्पर औषध बंद न करता आम्हाला विचारा. औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करून घ्या. त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी कोणती गोळी बंद ठेवावयाची, तेही विचारून घ्या.

देणगीदारांना एवढेच सांगतो : औषधाचा खर्च कसाबसा पेलणारे कुटुंब ही शेवटची तपासणी टाळते, कारण तोवर रुग्णाला बरे वाटत असते. त्या एका तपासणीसाठी आपण दिलेला रुपया पुढचा रक्तस्राव टाळू शकतो.