दगडाची चाळणी



ग्वारीघाटावर नर्मदेचे पाणी भांड्यात भरून ठेवले, तर वाळू तळाशी बसते आणि गाळ फडक्याने गाळता येतो. परंतु पाण्यात मद्यार्क मिसळला, की फडके निरुपयोगी ठरते. कारण तेथे रेणूंतच रेणू मिसळलेले असतात. हे दोन द्रव वेगळे करण्याचा जुना मार्ग म्हणजे ऊर्ध्वपातन. त्यालाही मर्यादा आहे. वजनाने सुमारे ९५.६ टक्के मद्यार्क झाला, की साध्या हवादाबाखाली द्रवातील व वाफेतील प्रमाण एकच होते. मग कितीही उकळले, तरी उरलेले पाणी निघत नाही. पेट्रोलमध्ये मिसळावयाचा मद्यार्क मात्र जवळजवळ निर्जल असावा लागतो.

यावरचा एक उपाय दगडात सापडला. १७५६ मध्ये स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी एक खनिज तापविले असता त्यातून पाण्याची वाफ निघाली. म्हणून त्यांनी त्यास ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे झिओलाइट हे नाव दिले. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत ही खनिजे विपुल आढळतात. त्याच दख्खनी लाव्हाचे थर जबलपूरपर्यंत पोहोचले आहेत.

उद्योगात वापरतात ते झिओलाइट मात्र कृत्रिम. त्याच्या ‘ए’ प्रकारातील छिद्रे सुमारे ०.४ नॅनोमीटर रुंदीची असतात. पाण्याचा रेणू याहून लहान, मद्यार्काचा किंचित मोठा. शिवाय या स्फटिकास पाण्याची ओढ असते. सच्छिद्र चिनीमातीच्या नळीवर त्याचा अतिशय पातळ थर वाढवितात. एका बाजूस गरम मिश्रण आणि दुसऱ्या बाजूस निर्वात ठेवला, की पाणी वाफ होऊन पलीकडे जाते आणि मद्यार्क अलीकडेच राहतो. वाफ करावयाची ती केवळ थोड्या पाण्याची; म्हणून उष्णता वाचते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानने अशी पटले उद्योगात आणली. आपल्याकडील अनेक कारखान्यांत झिओलाइटचे खडे पाणी शोषून घेतात. परंतु ते भरले, की पुन्हा कोरडे करावे लागतात. पटलाचे काम अखंड चालते.

मग ते सर्वत्र का नाही? कारण स्फटिकांमध्ये सूक्ष्म भेग राहिली, तरी दोन्ही द्रव तिच्यातून निसटतात. आम्लाने ‘ए’ प्रकारची जाळी ढासळते आणि आंबवणातून येणाऱ्या द्रवात आम्लाचा अंश असू शकतो. तेव्हा चाळणी किती बारीक आहे, एवढेच पाहून भागत नाही. ती कारखान्यात वर्षानुवर्षे टिकेल काय आणि तिची किंमत वाचलेल्या इंधनातून भरून निघेल काय, हे आपण विचारले पाहिजे.