धोंड्यांची खोपडी

बुलढाणा जिल्ह्यात ओळख निघाली की पहिला प्रश्न ठरलेला : घाटावरचे की घाटाखालचे? जुन्या भिंतीही त्याचं उत्तर देतात. घाटाखाली, नांदुरा-संग्रामपूरकडे, पूर्णाकाठची काळी माती इतकी खोल की दगड शोधावा लागतो. तिथली घरं मातीची. घाटावर लोणार, मेहकर, सिंदखेडराजाकडे वखर घातला की धोंडा वर येतो. दर उन्हाळ्यात धोंडे वेचायचे, बांधावर टाकायचे. शेतातली खोपडी त्याच ढिगातून उभी राहायची.

चुना नाही, सिमेंट नाही. छातीइतकी पौळ, वर आडवी लाकडं, त्यांवर तुराट्या आणि पळसाचा पाला. रचणारा माणूस धोंडा हातात फिरवून आधी त्याचं तोंड ठरवतो. खालच्या दोन धोंड्यांच्या सांध्यावर वरचा बसला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथूनच फुगते. धोंडा डुगडुगला तर खाली कपची ठोकायची. अधूनमधून एक लांब धोंडा आरपार टाकायचा, म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंतीतही दगडात दगडच बसवलाय. तिथला घडवलेला, इथला निघाला तसा, एवढाच फरक.

2018 साली युनेस्कोनं आठ देशांतल्या अशा कोरड्या रचाईला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे मात्र ‘धोंडे रचले’ एवढंच म्हणतात!

खोपडी असायची जागलीसाठी. ज्वारी हुरड्यात आली की दिवसा पाखरं, रात्री रानडुकरं. आत एक बाज, पाण्याचं मडकं, खुंटीला कंदील. आता ज्वारी हटून सोयाबीन आलं आणि खोपडीच्या जागी टिनाचं शेड. जागल काही सुटली नाही. रोह्यांचे कळप आहेतच, शिवाय मोटारीची लाईट बरेचदा रात्रीच येते. टिन एका दिवसात उभं राहतं, हे मान्य. पण एप्रिलच्या दुपारी त्याखाली बसून दाखवावं.

तेव्हा यंदा शेतात जेसीबी आला, तर पडकी पौळ उचलून रस्त्याच्या भरावात देऊ नका. तेच धोंडे उताराला आडवे रचा, माती अडेल. आणि हो, धोंडा उचलण्याआधी काठीनं हलवून बघा. खाली विंचू असतो.