घाट उतरायचा तो गिअरवर

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने विषय विचारला तेव्हा मी ‘खालचा गिअर’ एवढंच लिहून दिलं. सचिवांना वाटलं, निवृत्तीनंतर आयुष्याचा वेग कसा कमी करावा यावर काका बोलणार. तसं काही नाही. त्या विषयावर बोलणारे आपल्या कट्ट्यावर पुष्कळ आहेत. मी खरोखरच मोटारीच्या गिअरबद्दल बोलणार आहे.

कारण साधं आहे. आपण खडकवासल्याला राहतो. डोणजे, गोळेवाडी ओलांडली की सिंहगडाचा घाट. पुण्याकडे निघालं आणि साताऱ्याला जायचं म्हटलं की नवले पूल, आणि परत येताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून त्या पुलापर्यंतचा लांबलचक उतार. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या पार्किंगमध्ये स्कूटरी जास्त आणि मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आता प्रत्येक घरात निदान एक गाडी आहे आणि ती चालवतात आपली मुलं, सुना, नातवंडं. ती सगळी गाडी शिकली सपाट रस्त्यावर. पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, वर वर कसं जायचं हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नीट शिकवतात. खाली कसं यायचं, हे मात्र ज्याचं त्यानं शिकायचं.

सिंहगडाच्या पायथ्याशी वन विभागाच्या नाक्याजवळ रविवारी दुपारी उभे राहून बघा. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन मंडळी उतरत असतात. दर काही वेळाने एखादी गाडी अशी येते की तिच्या आधी वास येतो. जळका, उग्र. पुढच्या चाकांतून धूर निघत असतो. मग कुणीतरी बाटलीतलं पाणी चाकावर ओततं. ते करू नका. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की डिस्क वाकडी होऊ शकते, तडकूही शकते. गाडी सुरक्षित जागी उभी करा, अर्धा तास थांबा, आपोआप निवेल.

हा धूर येतो कुठून? मी बँकेचा माणूस, हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. चार माणसांसकट गाडीचं वजन १३०० किलो धरू आणि घाटाची उंची निव्वळ ५०० मीटर धरू. एवढं वजन एवढं खाली आणायचं म्हणजे जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती जवळजवळ पावणेदोन युनिट वीज होते. हजार वॉटची इस्त्री पावणेदोन तास चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता होईल, तेवढी. पूर्ण घाट ब्रेकवर उतरलात, तर ही सगळी इस्त्री चाकांमधल्या त्या थाळीएवढ्या डिस्क आणि ड्रमांवर फिरवली, असं समजा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ जातीचं नवं कोरं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे तुम्ही पेडल दाबता, ते खाली जातं आणि गाडी थांबत नाही. वर्तमानपत्रात याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात. पुष्कळदा ब्रेक बिचारा धडधाकट असतो, आपण त्याच्याकडून नको ते काम करून घेतलेलं असतं.

गाडी गिअरमध्ये असली आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकं इंजिनाला फिरवायला लागतात. इंजिनाला फुकट फिरणं आवडत नाही, ते अडवतं. गिअर जितका खालचा, तितकं इंजिन जास्त फिरतं आणि जास्त अडवतं. ऊर्जेचा बराचसा भाग असा इंजिनात जिरतो. ब्रेक मोकळा राहतो, आणि वळणावर समोरून एसटी आली तर लागणाऱ्या करकचून ब्रेकसाठी गार राहतो. आमच्या भाषेत, ब्रेक हा राखीव निधी आहे. रोजचा खर्च त्यातून भागवायचा नसतो.

आता मुख्य मुद्दा: खालचा गिअर टाकताना गचका का बसतो? साधारण छोटी पेट्रोल गाडी घ्या. ताशी ३० किलोमीटर वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला दीड हजाराच्या आसपास फेरे घेतं. त्याच वेगाला दुसऱ्यात ते सव्वादोन हजारांच्या जवळ जायला हवं, आणि पहिल्यात जवळजवळ चार हजारांवर. तुम्ही क्लच दाबून दुसरा टाकलात आणि क्लच एकदम सोडलात, तर हे सात-आठशे फेरे इंजिनाने एका क्षणात कुठून आणायचे? ते चाकांकडून हिसकावून घेतं. तोच गचका. मागे बसलेल्या आजीची मान पुढे जाते आणि पावसात ओल्या रस्त्यावर पुढची चाकं क्षणभर घसरूही शकतात. वेग ६० असताना चुकून पहिला पडला तर फेरे आठ हजारांपर्यंत जातील, एवढं फिरण्यासाठी ते इंजिन बनवलेलंच नसतं.

म्हणून क्रम असा. आधी ब्रेकने वेग कमी करा. मग क्लच पूर्ण दाबा, अर्धवट नाही. गिअर खाली घ्या, दांडा ढकलू नका, दोन बोटांनी जाईल तेवढाच जोर. मग क्लच सोडताना जिथे तो पकडायला लागतो, तिथे पाय सेकंदभर थांबवा. इंजिनाचा आवाज हळूच चढेल. चढला की उरलेला क्लच सोडा. सपाटीवर किंवा चढावर उजवा पाय मोकळा असतो, तेव्हा क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करा, म्हणजे इंजिन आधीच वर येऊन थांबतं आणि गिअर बदललेला कळतही नाही. उतारावर तो पाय ब्रेकवर असतो, तिथे क्लचचा तो एक सेकंदच उपयोगी. आणि हे सगळं वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत.

चढावर उलटं. तिथे उशीर करून चालत नाही. इंजिन धापा टाकायला लागलं, गाडी थरथरली, की तुम्ही आधीच उशीर केलेला असतो. दुसऱ्यातून पहिला मात्र गाडी जवळजवळ थांबल्यावरच टाका.

हे मला सुचलेलं नाही. १९८६ साली माझी महाडला बदली झाली. कुटुंब पुण्यात, त्यामुळे शनिवारी दुपारी शाखा बंद झाली की सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेऊन वरंधा घाटाने भोरमार्गे घरी, आणि रविवारी रात्री परत. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, चार गिअर, आणि पहिल्याला सिंक्रोमेश नव्हता. आजच्या गाड्यांत गिअरबॉक्समधल्या पितळी कड्या फिरणाऱ्या चक्रांचा वेग जुळवून देतात, ते काम पहिल्या गिअरला तेव्हा चालकानेच करायचं. गाडी चालू असताना पहिला हवा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग पहिला. याला डबल क्लच म्हणत. शाखेत खातं असलेल्या एका एसटी चालकाने मला ते एका रविवारी माझ्याच गाडीत शिकवलं. मोबदला म्हणून चहा घेतला, पण त्यातही साखर कमी म्हणून नाराज. ज्या गिअरने घाट चढला त्याच गिअरने उतरायचा, हा त्यांचा नियम. आजच्या गाड्या ताकदवान आहेत, तिसऱ्यातही सिंहगड बराचसा चढतात, म्हणून मी त्यात भर घालतो: उतरताना गरज वाटली तर एक गिअर आणखी खाली.

आपल्याच एका सभासदांनी मला विचारलं होतं, “काका, ब्रेक पॅड स्वस्त, क्लचप्लेट महाग. मग गाडी गिअरने कशाला रोखायची?” प्रश्न रास्त आहे आणि अर्धा बरोबर आहे. सिंहगड रोडवर सिग्नलला थांबताना चौथा, तिसरा, दुसरा असे सगळे गिअर मोजत यायची काही गरज नाही. थांबायचंय तर ब्रेक लावा, शेवटी क्लच दाबा. पण मैलोन् मैल उतारावर हा हिशेब उलटतो. शिवाय क्लच झिजतो तो गिअर खाली घेतल्याने नाही, फेरे न जुळवता घासत सोडल्याने, किंवा पाय त्याच्यावर कायम ठेवल्याने. नीट जुळवलेल्या गिअरला क्लचचं फारसं काही लागत नाही.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं, हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. तेव्हा त्यात थोडं तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की संगणक पेट्रोल तोडूनच टाकतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त. आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपतो, ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलावर एका मालट्रकने ४० हून अधिक गाड्यांना धडक दिली, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या हवाल्याने तेव्हा छापून आलं. त्या रस्त्याने आपली मुलं रोज जातात. पुढे मालट्रक असेल तर अंतर ठेवा, आणि मागे असेल तर त्याला जाऊ द्या. तो कुठल्या गिअरमध्ये आहे, हे आपल्याला आरशात दिसत नाही.

ऑटोमॅटिकवाल्यांनी हसू नये. त्यांच्या गाडीतही एम, एल किंवा २ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते घाटासाठीच आहे. गाडीबरोबर आलेलं पुस्तक एकदा उघडा; माझ्या पाहणीत ते बहुतेकांकडे प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे.

एक विनंती आहे. ज्यांना सराव करायचा आहे अशा तीन जणांना येत्या रविवारी सकाळी सहाला मी सिंहगडावर घेऊन जाईन. गर्दीच्या आधी वर, आठपर्यंत खाली. गाडी ज्याची त्याची, पेट्रोल ज्याचं त्याचं. नावं वॉचमनकडच्या वहीत लिहावीत. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल, तर आधी ते बदलून यावं. त्याशिवाय मी शेजारी बसणार नाही.