सॉफ्टवेअरमध्ये हीट एक्स्चेंजर कसा मांडावा

भिलाई-३ हून बोलतोय. पाण्याच्या पाइपलाइनचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीट एक्स्चेंजर कसा मांडायचा, ते आज बघू.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. अशा सॉफ्टवेअरला हीट एक्स्चेंजरच्या आतल्या नळ्या दिसत नाहीत. त्याच्या लेखी तो फक्त एक अडथळा असतो. आपण अडथळा चुकीचा सांगितला, तर पुढचं सगळं उत्तर चुकतं.

समजा, बनवणाऱ्यानं लिहून दिलंय की तासाला १०० घनमीटर पाणी गेलं तर दाब ०.६ बारनं उतरतो. पुष्कळजण हा ०.६ कायमचा भरून मोकळे होतात. पण दाबातली ही घट साधारण प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. प्रवाह ५० झाला तर घट ०.१५ बार, १२० झाला तर ०.८६ बार. म्हणून आकडा एक असला, तरी मांडायचा असतो तो वक्र.

एपानेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात दोन वाटा आहेत. पहिली, पाइपला 'मायनर लॉस' गुणांक देणं. आपल्या उदाहरणात १५० मिलिमीटरच्या पाइपला तो सुमारे ४९ येतो. दुसरी, 'जनरल पर्पज व्हॉल्व्ह' घेऊन त्याला प्रवाह आणि दाबघटीचा वक्र जोडणं. कारखान्याकडून तीन-चार बिंदू मिळाले असतील, तर ही वाट उत्तम. 'प्रेशर ब्रेकर व्हॉल्व्ह' मात्र इथं वापरू नका. तो घट कायम तेवढीच धरतो.

एपानेट तापमान काढत नाही. ते आपण वहीत काढायचं. तासाला १०० घनमीटर पाणी १० अंशांनी तापलं, म्हणजे त्यानं सुमारे ११६० किलोवॉट उष्णता उचलली. तेवढीच उष्णता येत राहिली आणि प्रवाह निम्मा झाला, तर पाणी २० अंशांनी तापेल. आमच्याकडच्या मे महिन्यात मुळात येणारं पाणीच गरम असतं. मग हिशेबात सवड उरत नाही.

आता यात पणाला काय लागतं ते सांगतो. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात पंप हाउसमधली पाण्याची लाइन फुटली, पाण्याचा दाब पडला आणि विषारी वायू बाहेर आला. सहा माणसं गेली. तिथं प्रश्न हीट एक्स्चेंजरचा नव्हता. पण पाण्याचा दाब पडला की काय काय घडू शकतं, हे त्या दिवशी सगळ्या गावानं पाहिलं.

म्हणून मांडणी झाली की सगळं सुरळीत चाललंय एवढंच बघून थांबू नका. एक पंप बंद करून बघा. एक लाइन तोडून बघा. शेजारी-शेजारी दोन हीट एक्स्चेंजर असतील, तर एकाचा अडथळा दुप्पट करा, म्हणजे आत गाळ बसल्यासारखं होईल. पाणी सोप्या वाटेनं जाईल आणि तुंबलेला उपाशी राहील. किती उपाशी, तो आकडा लिहून ठेवा आणि पाळीवरच्या माणसाच्या हाती द्या.