ताप जातो, थकवा राहतो



साथीचा ताप ओसरला म्हणजे गावोगाव एक तक्रार हमखास ऐकू येते. ताप उतरला, तपासणीत काही निघाले नाही, पण माणूस काही उभा राहत नाही. द्राक्षाच्या चार वेली छाटल्या की धाप लागते. गुरुजी फळ्यासमोर शिकवता शिकवता साधा शब्द विसरतात. घरचे म्हणतात, अंग चोरतो झालं! नाशिक जिल्ह्यातला कोरोनाचा पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये आपल्या निफाड तालुक्यातच आढळला होता. त्यानंतर हे रेंगाळणारे दुखणे पुष्कळांच्या वाट्याला आले. चिकुनगुन्यानंतर महिनोन् महिने धरलेले सांधेही कित्येकांना आठवत असतील.

हे ढोंग नव्हे. याची कारणे एकाहून अधिक आहेत, आणि त्यांतले एक आपल्या पोटात असावे असा संशोधकांचा कयास आहे.

हरभऱ्याच्या बियाण्याला आपण जिवाणू खत चोळतो, ते कशासाठी? ते जिवाणू मुळांच्या गाठींत राहून हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात म्हणून. आपल्या मोठ्या आतड्यातही असेच असंख्य जिवाणू नांदतात. भाकरी, डाळ, भाजी यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होते, आणि आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न तेच. अस्तर धड असले म्हणजे नको ती द्रव्ये रक्तात शिरत नाहीत, आणि शरीराचे संरक्षक दल विनाकारण खवळत नाही.

हाँगकाँगच्या डॉक्टरांनी कोरोनाच्या १०६ रुग्णांचे शौच सहा महिने तपासले. २०२२ साली त्यांनी निष्कर्ष छापले. ज्यांचे दुखणे रेंगाळले, त्यांच्या आतड्यात हे आम्ल बनवणारे जिवाणू कमी होते; जे पूर्ण बरे झाले, त्यांचे आतडे निरोगी माणसासारखेच दिसत होते. आता, जिवाणू घटले म्हणून थकवा आला, की आजाराने दोन्ही झाले, हे एवढ्यावरून ठरत नाही. म्हणून पुढे ४६३ जणांवर प्रयोग केला. निवडक जिवाणूंची पुडी सहा महिने घेणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांचा थकवा हटला. नुसते क जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ४३ टक्क्यांचा. फरक आहे खरा, पण औषधाविना बरे होणारेही थोडे नाहीत, हेही यात दिसते. बाजारातल्या कोणत्याही महागड्या बाटलीला हा दाखला लागू पडत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या हातची आहे. साध्या विषाणूच्या तापाला लोक दुकानातून अँटिबायोटिक आणतात. डावणीचे बुरशीनाशक मारून फुलकिडे मरतात का? तसेच हे. विषाणू त्याने मरत नाही, आतड्यातले उपकारी जिवाणू मात्र मरतात. डॉक्टरांनी दिले, तरच घ्यावे, आणि सांगितले तितके दिवस घ्यावे.

आहारात बाजरी, मटकी, हरभरा, पालेभाजी असू द्यावी. लासलगावच्या बाजारात ज्याचे ढीग लागतात, त्या कांद्यातही या जिवाणूंना आवडणारा चोथा असतो. कांदा म्हणजे काही औषध नव्हे, हो! आजारातून उठलेल्याला हे थोडेथोडे वाढवत द्यावे, नाहीतर पोट फुगते.

कामही तसेच बेताने वाढवावे. छातीत दुखले, दम वाढला, वजन उतरत गेले, तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टर गाठावा. आणि शिक्षकांना एक विनंती: तापातून उठून आलेला मुलगा कवायतीला बसून राहिला, तर त्याला काही दिवस बसू द्यावे.