निकालानंतरची रात्र



२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यानंतर पाचच दिवसांनी, ४ जुलै रोजी, ‘आत्मनिर्भर भारत अ‍ॅप इनोव्हेशन चॅलेंज’ ही स्पर्धा घोषित झाली. तिला ६,९४० प्रवेशिका आल्या आणि ऑगस्टमध्ये २४ विजेते निवडले गेले. त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु उरलेल्या जवळजवळ सहा हजार नऊशे प्रवेशिकांमागेही कुणाची तरी जागरणे होती. त्यांची बातमी कोठे आली नाही.

२०१७ पासून भरणाऱ्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’चे उदाहरण घ्या. संगणक-प्रणालींच्या अंतिम फेरीत सहा जणांचा चमू सलग ३६ तास काम करतो. परीक्षकांपुढे सादरीकरणाला मिळतात ती काही मिनिटे. नेमके त्याच वेळी नेटवर्क रुसते आणि महिनोन्महिने खपून घडविलेली गोष्ट पडद्यावर गोल गोल फिरत राहते. निकाल लागतो, नाव येत नाही. परतीच्या रेल्वेत पहिला तास सगळे गप्प असतात. दुसऱ्या तासाला कुणीतरी म्हणतो, “तू तो भाग आधी तपासायला हवा होतास.” हातचे पारितोषिक गेलेलेच असते, आता वर्षाची मैत्रीही जाऊ लागते. पराभवातील खरी हानी बहुधा येथे होते, परीक्षकांच्या दालनात नव्हे.

घरी पोहोचल्यावर दुसरी परीक्षा. “कितवा नंबर?” हा पहिला प्रश्न आणि “जाऊ दे, त्यात काय एवढे!” हे दुसरे वाक्य. दोन्ही प्रेमापोटीच येतात. पण ज्यात त्याने सहा महिने घातले, ते ‘काय एवढे’ कसे असेल? काही घरांत त्याच रात्री गीतेतील कर्मफलाचा श्लोक ऐकविला जातो. श्रीकृष्णाने गीता सांगितली ती युद्धारंभी, हे तेव्हा विसरले जाते. त्या रात्री मुलाला गरम वरणभात वाढावा आणि झोपू द्यावे.

दुःख लगेच ओसरले पाहिजे, हा आग्रह तरी कशासाठी? डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना वैमानिक व्हायचे होते. डेहराडूनच्या निवडीत २५ उमेदवारांतून आठ जण घ्यायचे होते आणि कलाम नववे आले. त्यानंतर ते गेले ऋषीकेशला; तेथे स्वामी शिवानंदांना भेटले, मन मोकळे केले आणि मगच दिल्लीला परतले. त्याआधी दिल्लीत दिलेल्या दुसऱ्या मुलाखतीचे नियुक्तिपत्र तेथे त्यांना मिळाले. मूळ वेतन दरमहा २५० रुपये! ही कथा सांगताना आपण ‘नववे’ वरून थेट अग्निबाणावर उडी मारतो. मधले ऋषीकेश गाळतो.

आणि विजयही काही कायमचा परवाना नसतो. २०२० च्या त्याच स्पर्धेतील विजेत्यांपैकी ‘कू’ हे अ‍ॅप पुढे देशभर गाजले आणि २०२४ मध्ये बंद पडले. यात विजेत्याच्या अपयशावर समाधान मानण्याचा भाग नाही, तसे मानणे क्षुद्रपणाचे ठरेल. मुद्दा एवढाच की परीक्षकांचा कौल हा त्या दिवसापुरता असतो; वापरणाऱ्यांचा कौल रोज नव्याने मिळवावा लागतो. तो मिळविण्याची वाट हरलेल्यालाही मोकळी असते.

तेव्हा आठवड्याभराने त्या सहा जणांनी चहाला एकत्र जमावे. ‘तुझ्यामुळे’ हा शब्द त्या बैठकीपुरता वर्ज्य. परीक्षकांचे प्रश्न आठवतील तसे वहीत उतरवावेत; सादरीकरणात कोठे फसलो आणि मूळ कामात काय उणे होते, याच्या दोन वेगळ्या याद्या कराव्यात. बहुतेकदा पहिली यादी लांब निघते. मग ते अ‍ॅप घरातल्या आजोबांच्या हाती द्यावे आणि एक शब्दही न बोलता शेजारी बसून पाहावे. आजोबा पहिल्याच पडद्यावर अडले, तर पुढच्या रविवारचे काम ठरले.