पाण्याच्या वाटेवरची सुटी



सुटी घालविणें ही एक कला आहे असें कोणी म्हटलें, तर आपल्या मध्यमवर्गीय गृहस्थास तें पटणार नाहीं. त्याच्या मतें सुटी हें एक कार्य आहे, आणि लग्नकार्याप्रमाणेंच तें यथासांग पार पडलें पाहिजे. पहांटे चारला उठावें, सहाला पहिलें देऊळ, आठला दुसरें, दहाला धबधबा, बाराला संग्रहालय. जेवण मिळेल तेथें आणि झोंप मोटारींत. आठ दिवसांनीं घरीं परतलेल्या मंडळींना विश्रांतीसाठीं आणखी आठ दिवसांची रजा लागते. जूनमध्यें शाळा उघडली कीं सुटीनें थकलेलीं अशीं मुलें वर्गांत येऊन बसत. मीं तीं पुष्कळ वर्षें पाहिलीं आहेत. म्हणून ज्या प्रवासाविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें आहे, त्याचा मुख्य गुण आधींच सांगून टाकतों. त्यांत घाई करण्याची सोयच नाहीं.

पाणी आपल्या ओळखीचें नाहीं असें नाहीं. कोंकणांतल्या माणसानें तरींत बसून खाडी ओलांडलेली असते. देशावरचा वारकरी चंद्रभागेंत होडींत बसलेला असतो. परंतु आपल्याला पाणी ठाऊक असतें तें ओलांडण्याची वस्तु म्हणून. पैलतीर गांठला कीं पाण्याशीं आपला संबंध संपला. केरळाच्या दक्षिणेकडील भागांत मात्र असा एक मुलूख आहे, कीं जेथें पाणी हाच रस्ता आणि पाणी हेंच अंगण. दुकान, शाळा, देऊळ, देवळाशेजारचें चर्च, हीं सारीं त्या रस्त्याच्या कडेला. या मुलुखाचें नांव कुट्टनाड. गेल्या जानेवारींत प्रजासत्ताकदिनाच्या सुटीला मुलाची चार दिवसांची रजा जोडून आम्ही घरचीं सहा माणसें तेथें गेलों. मी, आमचें कुटुंब, मुलगा, सून, अकरा वर्षांचा नातू आणि सात वर्षांची नात, असा आमचा तांडा होता.

प्रथम या मुलुखाचा नकाशा डोळ्यांपुढें आणूं. पंबा, मणिमला, अचनकोविल व मीनचिल या नद्या पश्चिमघाटावरून उतरतात. पण समुद्राला भिडण्यापूर्वींच त्या वेंबनाड नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या प्रदेशांत पसरतात. हें सरोवर सुमारें ९६ किलोमीटर लांब असून भारतांतील सर्वांत लांब सरोवर म्हणून त्याची ख्याति आहे. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्यें वाळूचा एक अरुंद पट्टा आहे. त्या पट्ट्यावर अलप्पुळा, म्हणजे जुन्या नकाशांतलें आलेप्पी, हें शहर वसलें आहे. अठराव्या शतकांत त्रावणकोरचा दिवाण राजा केशवदास यानें येथें बंदर उभारलें, आणि आंतल्या मुलुखाचा माल बंदरावर यावा म्हणून कालवे खोदविले. या किनारी जलमार्गाचा कोल्लम ते कोट्टप्पुरम हा भाग, दोन जोडकालव्यांसह, १९९३ सालीं राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाला. त्या वेळीं त्याची एकूण लांबी २०५ किलोमीटर होती.

आम्ही ज्या नावेंत राहिलों तिला केट्टुवळ्ळम म्हणतात. ‘केट्टु’ म्हणजे बांधणें आणि ‘वळ्ळम’ म्हणजे होडी. अंजिली नांवाच्या, फणसाच्या जातीच्या वृक्षाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनें एकमेकींना बांधून ही नाव तयार करतात. जुन्या रीतीच्या कामांत खिळा म्हणून मारीत नाहींत. लांकडावर काजूच्या टरफलांपासून काढलेला काळा चीक चढवितात, त्यामुळें तें पाण्यांत कुजत नाहीं. पूर्वीं या नावा भात, नारळ आणि मसाले वाहून नेत. पुढें पूल झाले, मोटाररस्ते झाले, आणि या नावा रिकाम्या पडल्या. १९९० नंतरच्या वर्षांत त्यांवर बांबूचें व चटयांचें छप्पर चढलें, आंत झोंपण्याच्या खोल्या झाल्या, आणि भाताच्या पोत्यांच्या जागीं आपल्यासारखीं पोतीं बसूं लागलीं. आज तेथें दिसणाऱ्या कित्येक नावा तर मुळांत प्रवाशांसाठींच बांधलेल्या असतात.

नावेवर तांडेल, इंजिन पाहणारा आणि आचारी असे तिघेजण होते. नाव सकाळीं अलप्पुळ्याचा धक्का सोडून निघाली. तिचा वेग एवढाच कीं कांठावरून सायकलीनें जाणारा शाळकरी मुलगा आम्हांला मागें टाकून, वळून पाहून हंसत गेला. पहिले दोन तास माझ्या मुलाचे मोठे कठीण गेले. ‘‘पुढचें ठिकाण कोणतें? तेथें किती वाजतां पोंचणार?’’ असे प्रश्न तो तांडेलास विचारी, आणि तांडेल हातानेंच समोरचें पाणी दाखवी. दुपारच्या जेवणांत तांबड्या तांदळाचा भात आणि करिमीन मासा होता. ह्या माशाला आपल्या कोंकणांत कळुंदर म्हणतात. जेवण झाल्यावर मुलगा पुढच्या भागांत बाकावर आडवा झाला, तो दोन तासांनीं उठला. त्याची आई म्हणाली, ‘‘नोकरीला लागल्यापासून दुपारीं झोंपलेला असा मीं याला आजच पाहिला.’’

नावेचा एक मोठा उपकार असा कीं ती सर्व वयांना एका पातळीवर आणते. डोंगरावर गेलें तर नातू पुढें पळतो आणि गुडघे धरून आजी पायथ्याशीं बसते. देवळाच्या पायऱ्या चढतांना घर दोन भागांत विभागलें जातें. नावेंत जें पाहावयाचें तें आपण होऊन समोर येतें. पाणकावळा खांबावर पंख वाळवीत बसला आहे, हें आजीला आणि नातीला एकाच क्षणीं दिसतें. त्या दोघींचा सागरगोट्यांचा डाव दोन दिवस चालला होता. नातवानें तांडेलाकडून मल्याळम भाषेंतले दहा आंकडे पाठ केले. एका छपराखालीं, कोणाला कोठें जावयाचें नसतांना, आम्ही सहा माणसें किती वर्षांनीं बसलों होतों, याचा हिशेब मीं मनांतल्या मनांत केला आणि मनांतच ठेवला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातवानें विचारलें, ‘‘आजोबा, शेतें खालीं आणि पाणी वर, हें कसें?’’ प्रश्न मार्मिक होता. कठड्याशीं उभें राहिलें कीं कालव्याचा बांध दिसतो, आणि बांधापलीकडे भाताचें हिरवें शेत आपल्या पाण्याहून पुष्कळ खालीं पसरलेलें असतें. कुट्टनाडांतील बराच भाग समुद्रसपाटीहून अर्ध्या मीटरापासून दोन मीटरांहून अधिक खोल आहे. सरोवराच्या तळांतला चिखल काढून, बांबूच्या खुंट्या ठोकून, लोकांनीं बांध घातले आणि आंतलें पाणी उपसून जमीन मिळविली. एके काळीं हें पाणी पायांनीं फिरवावयाच्या लांकडी चक्रांनीं उपशीत. नंतर तेंच काम यंत्रांकडे आलें. गोव्यांतील खाजण जमिनी ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना या पद्धतीचें नातें लगेच ओळखूं येईल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें २०१३ सालीं या शेतीची जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून नोंद केली. ज्यांनीं चिखलांत उभें राहून हे बांध घातले, त्या शेतमजुरांचें आयुष्य याच मुलुखांतील कादंबरीकार तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनीं आपल्या लेखनांत आणलें. त्यांना १९८४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

आतां या सुंदर चित्राची दुसरी बाजू. उन्हाळ्यांत समुद्राचें खारें पाणी सरोवरांत चढतें आणि भाताचा नाश करतें. तें अडविण्यासाठीं गेल्या शतकांत तण्णीरमुक्कम येथें सरोवरावर आडवा बंधारा घालण्यांत आला. साधारण डिसेंबरांत त्याचीं दारें बंद होतात व उन्हाळ्यांत पुन्हा उघडतात. भाताचें त्यानें भलें झालें. पण दारें मिटलीं कीं भरतीओहोटीचें येणेंजाणें थांबतें, माशांची वाट अडते, शेतांतून आलेलीं खतें व औषधें पाण्यांतच राहतात, आणि गोड्या, स्थिर पाण्यावर जलपर्णी माजते. वेंबनाड २००२ सालापासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांच्या यादींत आहे. शेतकरी म्हणतो दारें वेळेवर लावा, कोळी म्हणतो लवकर उघडा. दोघांचेंहि म्हणणें खरें आहे. अशा या दाटलेल्या पाण्यावर आपण सुटी घालविण्यास जातों, आणि आपल्या शेंकडों नावांचें सांडपाणी व तेलाचा तवंग यांची त्यांत भर पडते.

हें सारें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. डोळ्यांना दिसलें तें आमच्या कुटुंबामुळें. एका अरुंद कालव्यांत एक बाई घराच्या पायरीवर भांडीं घांशीत बसली होती. आमच्या पुढें एक मोठी नाव वेगानें गेली. तिची लाट पायरीवर चढली, बाईचें पातळ भिजलें आणि एक पातेलें वाहून निघालें. तिनें तें शांतपणें काठीनें ओढून घेतलें. रोजचेंच झालें असावें. पुढच्या नावेंतल्या मंडळींनीं तिच्याकडे पाहून हात हालविले. त्यांच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. आमच्या कुटुंबानें उठून तांडेलाला हाताच्या खुणेनें वेग कमी करावयास सांगितलें. भाषा येत नसतांना ती खूण त्याला समजली. त्यानें इंजिन जवळजवळ बंद केलें आणि आमची नाव त्या पायरीवरून हलकेच सरकली. बाईनें मान वर करून पाहिलें, आणि पुन्हा ती भांड्यांकडे वळली. त्यानंतर प्रत्येक पायरीशीं तो आपण होऊनच वेग उतरवीत गेला.

संध्याकाळीं साडेपांचच्या सुमारास राहण्याच्या नावांनीं कांठाला लागावयाचें, अशी तेथें पद्धति आहे. कारण त्यानंतर कोळी जाळीं टाकतात. रात्रीं पाण्यावर दूर त्यांचे दिवे दिसत होते. दिवसा आपण त्यांच्या वाटेनें हिंडावें, रात्रीं वाट त्यांची त्यांना परत द्यावी, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटली.

तिसऱ्या दिवशीं आम्ही नाव सोडली आणि अलप्पुळ्याहून कोट्टायमपर्यंत सरकारी उतारूबोटीनें गेलों. केरळांत राज्याचें जलवाहतूक खातें १९६८ पासून आहे, आणि त्याच्या बोटी आपल्या एस. टी. प्रमाणें थांबत थांबत जातात. सुमारें अडीच तासांचा हा प्रवास फार थोड्या पैशांत होतो. धक्क्याधक्क्यावर पांढरे सदरे घातलेलीं शाळकरी मुलें चढत होतीं. नातीनें विचारलें, ‘‘यांना रोज बोटींत बसायला मिळतें?’’ तिच्या दृष्टीनें तीं मुलें भाग्यवान होतीं. शेजारच्या मुलीनें मात्र पाण्याकडे एकदांहि न पाहतां सारी वाट गणिताची वही सोडविली. एका शिक्षकास याहून सुंदर देखावा कोणता दाखवावा? याच खात्याची ‘आदित्य’ नांवाची, सूर्यप्रकाशावर चालणारी बोट २०१७ पासून वैकम येथील तरीवर सुरू झाली. धूर व आवाज न करतां पंचाहत्तर माणसें नेणारी ती बोट पाहिली, म्हणजे विश्रांतीच्या नावाहि अशाच असाव्या असें वाटतें.

एक सूचना आग्रहानें करतों. शांत पाणी पाहून निर्धास्त होऊं नये. मल्याळमचे थोर कवि कुमारन आशान १९२४ च्या जानेवारींत याच जलमार्गावर पल्लना येथें बोट उलटून बुडाले. २००२ सालीं कुमरकमजवळ उतारूबोट बुडून २९ माणसें गेलीं. तेव्हां नावेंत पाय ठेवण्यापूर्वीं अंगांत घालावयाचीं तरतीं जाकिटें माणशीं एक आहेत का, नावेस परवाना आहे का, तिच्या सांडपाण्याची काय व्यवस्था आहे, हें विचारावें. विचारण्यास संकोच करूं नये. गिऱ्हाईक जें विचारतें, तेंच मालक सुधारतो.

एवढ्या लांब जाणें सर्वांस साधेल असें नाहीं. परंतु दाभोळची, जयगडची, कर्लीची खाडी आपल्या दाराशीं आहे. तेथेंहि तरी चालतात, होड्या मिळतात. घरांतल्या वडील माणसांना आणि मुलांना घेऊन एक अर्धा दिवस तेथें जा. ठिकाणांची यादी घरीं ठेवा. होडीवाल्याला घाई नाहीं म्हणून सांगा, आणि कांठावर कोणी धुणें धूत असेल, जाळें विणीत असेल, तेथें वेग कमी करावयास लावा. पाण्यावरची विश्रांति मिळते ती तेथें राबणाऱ्यांच्या वाटेवर, आणि त्या वाटेवरून हलक्या पावलानें जावयास मुलें शिकलीं, तर त्यांच्या सुटीचे दिवस सत्कारणीं लागले असें मी समजेन.